'हँडमेड आहे म्हणजे शोषण नाही', हे खरं आहे का?

'हाताने बनवलेलं म्हणजे एथिकल आणि कारखान्यातलं म्हणजे शोषण' असं एक वाक्य कपड्यांचे छोटे ब्रँडवाले एकमेकांना वर्षानुवर्षं पाठवत आलेत. असं वाटणं साहजिक आहे, पण हाताने की मशीनवर याच्यावरून करणाऱ्याला काय मिळालं ते कळतच नाही.

हातकाम बहुतेक वेळा नगावर (जितके नग, तितके पैसे) असतं आणि बरंचसं घरी बसून होतं, म्हणजे हजेरी नाही, ओव्हरटाइम नाही, आणि घरातलं लहान मूल मदतीला बसलं तरी कुणाला दिसत नाही. उलट एखाद्या छोट्या युनिटमध्ये मशीन असूनही पगारपत्रक आणि ठरलेले तास असू शकतात.

मग तपासायचं कसं? एक नग स्वतःसमोर करून घ्या आणि घड्याळ लावा. समजा ४० मिनिटं लागली, तर ८ तासांत जास्तीत जास्त १२ नग, तेही न थांबता. आता नगाचा दर गुणिले १२ करा आणि तिथल्या एका दिवसाच्या किमान वेतनाशी ताडून बघा, कमी पडत असेल तर बाकी गप्पा नकोतच. दर विचारताना कारागिराच्या हातात किती पडतात ते विचारा, मधल्या माणसाला किती देता ते नाही.

माल बनवून देणाऱ्याने 'एथिकल'चं सर्टिफिकेट दाखवलं तर त्यावरचा पत्ता, मुदत बघा, बऱ्याचदा ते फक्त कापडाचं असतं, शिलाईचं नाही. काम पुढे कुणाला देता हेही स्पष्ट विचारा.

आणि हो, ऑर्डर आपणच शेवटच्या आठवड्यात दुप्पट केली तर रात्रपाळी आपणच लावली ना?