पुराव्याचं वजन किती डेसिबॅन?

एखाद्या प्रसिद्ध माणसावर लैंगिक अत्याचाराचा आरोप झाल्याची बातमी आली की तासाभरात दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. ‘इतकी वर्षं ती गप्प का बसली?’ आणि ‘आगीशिवाय धूर निघतो का?’ बोलणाऱ्याला वाटतं, आपण पुरावाच मांडला. मला मात्र दोन्ही वाक्यं तराजूत घालायचा मोह होतो, कारण पुराव्याचं वजन खरोखरच काढता येतं. त्याला एककसुद्धा आहे.

हे एकक दुसऱ्या महायुद्धातलं. ब्लेचली पार्क या ब्रिटिशांच्या गुप्त केंद्रात जर्मन नौदलाचे सांकेतिक संदेश फोडताना गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंगपुढे सतत एकच प्रश्न असे: हाती आलेला हा बारीकसा धागा माझ्या अंदाजाच्या बाजूने किती झुकतो? त्यासाठी त्याने ‘बॅन’ हे माप ठरवलं. या कामाचे मोठाले तक्ते बॅनबरी गावात छापून येत, म्हणून बॅन. त्याचा दहावा भाग म्हणजे डेसिबॅन. माणसाच्या अंतःप्रेरणेला जाणवेल असा पुराव्यातला सगळ्यात लहान फरक साधारण एवढाच, असं ट्युरिंगचं मत होतं.

वजन काढायची रीत सोपी आहे. आरोप खरा असेल तर हा पुरावा दिसण्याची शक्यता किती? आरोप खोटा असेल तर किती? पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागायचं. उत्तर 10 आलं तर पुरावा 10 डेसिबॅनचा, 100 आलं तर 20 डेसिबॅनचा. शाळेतलं लॉगॅरिदम आठवत असेल तर ते इथे कामाला येतं: भागाकाराच्या उत्तराचा लॉग घ्या, त्याला 10 ने गुणा. उत्तर 1 पेक्षा कमी आलं तर वजन उणे, म्हणजे पारडं आरोपीकडे झुकलं. आणि बरोबर 1 आलं तर वजन शून्य. मग तो मुद्दा कितीही तावातावाने मांडलेला असो.

आता ‘गप्प का बसली’ हे वाक्य घ्या. अत्याचार सोसलेल्या व्यक्ती अनेकदा कित्येक वर्षं बोलत नाहीत, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. समोरचा वजनदार असेल तर आणखीच. खोटा आरोपही उशिरा होऊ शकतो. दोन्ही शक्यता एकमेकींच्या जवळपास, म्हणजे वजन शून्याच्या आसपास. ‘माझ्याशी तर ते किती सभ्य वागले’ याचंही तेच. अत्याचार करणारा माणूस प्रत्येकाशी वाईट वागत नाही, त्यामुळे शंभर जणांनी दिलेली चांगुलपणाची प्रशस्तिपत्रकंसुद्धा फारशी जड नसतात.

चेहरा वाचणाऱ्यांचं तर विचारूच नका. ‘बघा, डोळ्याला डोळा दिला नाही’ असं सांगणारे तज्ज्ञ पडद्यावर ढिगाने मिळतात. 2006 साली बाँड आणि डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी अशा निवाड्यांवरचे दोनशेहून अधिक अहवाल एकत्र तपासले. खरं-खोटं ओळखण्यात लोक सरासरी 54 टक्के वेळा बरोबर ठरले होते. नाणं उडवलं तरी 50 मिळतात. लाय डिटेक्टर मोजतो तो घाम, श्वास आणि नाडी. घाम निर्दोष माणसालाही फुटतो.

धुराचा मुद्दा वेगळा आहे, तो पुराव्याआधीच्या अंदाजाचा. 2010 साली अमेरिकेतल्या एका विद्यापीठात दहा वर्षांत नोंदलेल्या 136 तक्रारींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी 8, म्हणजे 5.9 टक्के, खोट्या ठरवल्या गेल्या होत्या. इथे थांबून ‘म्हणजे 94 टक्के खऱ्या’ म्हणायचा मोह होतो. पण त्यातली जवळपास 45 टक्के प्रकरणं पुढे गेलीच नाहीत, म्हणजे त्यांचा निकाल कोणत्याच बाजूने लागला नाही. हा आकडा काटा कुठून सुरू करायचा याचा ढोबळ अंदाज देतो. समोरच्या प्रकरणात काय घडलं, ते त्यातून कळत नाही.

माझा आवडता भाग पुढे आहे. तीन स्त्रिया पुढे आल्या. समजा, प्रत्येकीच्या साक्षीचं गुणोत्तर 5 आहे (हे आकडे फक्त हिशेबापुरते), म्हणजे प्रत्येकी 7 डेसिबॅन. तिघींचे मिळून 21, गुणोत्तर सव्वाशे! पण ही बेरीज साक्षी एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच चालते. या चुकीची किंमत इंग्लंडमधल्या एका आईने मोजली आहे. दोन तान्ह्या बाळांच्या मृत्यूबद्दल तिला 1999 साली शिक्षा झाली. असे दोन मृत्यू नैसर्गिकरीत्या होण्याची शक्यता 7 कोटी 30 लाखांत एक, असं तज्ज्ञाने न्यायालयात सांगितलं होतं. एका मृत्यूची शक्यता 8,543 मध्ये एक धरली आणि त्याचा सरळ वर्ग केला! एकाच घरातल्या दोन बाळांचे जनुकं आणि परिस्थिती सारखी असू शकते, हे त्यात धरलंच नव्हतं. शिक्षा 2003 साली रद्द झाली.

म्हणून दुसरीची साक्ष तोलताना पहिलीची गृहीत धरून तोलावी लागते. पहिलीची सविस्तर मुलाखत आधी सगळीकडे छापून आली असेल, तर आरोप खरा असताना दुसरी पुढे येण्याची शक्यता समजा दहात पाच, आणि खोटा असताना दहात चार. गुणोत्तर सव्वा, वजन जेमतेम 1 डेसिबॅन. याचा अर्थ दुसरी खोटं बोलते असा मुळीच नाही. पहिलीमुळे तिला धीर आला असेल, आणि हे असं बरेचदा घडतं. फक्त तिच्या नुसत्या पुढे येण्याने काटा फारसा हलत नाही.

काटा हलतो तो तपशिलाने. कुठेच न छापलेली एखादी विचित्र सवय, एखादं ठरावीक वाक्य, खोलीतली एखादी गोष्ट दोघींच्या सांगण्यात सारखी निघाली आणि दोघी एकमेकींना ओळखत नसतील, तर ‘खोटा’च्या बाजूला निव्वळ योगायोग उरतो आणि भाजक एकदम लहान होतो. त्याच रात्री मैत्रिणीला पाठवलेला संदेशही असाच जड. उलट बाजूलाही हाच नियम लागू. सांगितलेल्या दिवशी आरोपी परदेशात होता असं पासपोर्ट सांगत असेल, तर वजन भलतंच उणे. पण तारीख वीस वर्षांनी ‘बहुधा जूनमध्ये’ अशी आठवून सांगितलेली असेल, तर तेच वजन बरंच उतरतं, कारण खरी घटना सोसलेली माणसंही महिने चुकतात.

अशी बातमी आली की मी आता आधी दोन तारखा शोधतो: पहिली मुलाखत कधी छापून आली, आणि दुसरीने ही गोष्ट घरात किंवा मैत्रिणीला पहिल्यांदा कधी सांगितली.