दातातलं रेझिन आणि नसेचा जुना दावा

दातात भरलेलं कंपोझिट, म्हणजे रेझिन आणि काचेच्या पुडीचं मिश्रण, निळ्या प्रकाशाखाली वीसेक सेकंदांत टणक होतं. पण दिवा काढल्यावर त्यावरून हातमोज्याचं बोट फिरवलं तर वरचा पापुद्रा चिकट लागतो. हवेतला ऑक्सिजन तिथे मोनोमरच्या, म्हणजे रेझिनच्या मूळ रेणूंच्या, साखळ्या जुळू देत नाही. आतल्या भागातही सगळं जुळत नाहीच: हे रेणू ज्यांनी एकमेकांना जोडले जातात त्या दुहेरी बंधांपैकी साधारण ५० ते ७५ टक्केच खर्ची पडतात. उरलेल्यांतले बरेच साखळीला एका टोकाने लटकलेले असतात, थोडे मोनोमर मात्र सुटे राहतात. पेशींना बाधतात ते हे सुटे.

दुसऱ्या महायुद्धानंतर कवळीचंच ॲक्रिलिक दात भरायला वापरून पाहिलं गेलं. ते आक्रसायचं, कडेला फट पडायची आणि आतली नस, म्हणजे पल्प, सुजायची. १९५५ साली मायकेल बुओनोकोरे यांनी इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कवच, आम्लाने खरखरीत केलं की रेझिन घट्ट धरतं, हे दाखवलं. १९६२ मध्ये राफाएल बोवेन यांना बिस-जीएमए या मोनोमरचं पेटंट मिळालं. हा रेणू मोठा, कमी आक्रसणारा, पण मधाहूनही दाट. त्यात काचेची पूड नीट मिसळेना. म्हणून टेग्डमा हा दुसरा मोनोमर घालून तो पातळ केला. इनॅमलखालच्या ओल्या डेंटीनला चिकटावं म्हणून पुढे हेमा हे आणखी एक मोनोमर आलं. दोन्ही रेणू लहान. डेंटीनच्या नळ्यांत शिरायला ते सोयीचे, आणि पेशीच्या पडद्यातून आत जायलाही.

तरी पल्प सुजण्यात दोष कोणाचा, हे ठरायला वेळ लागला. सुरुवातीला आम्ल आणि रेझिन हेच आरोपी होते. १९६५ मध्ये जंतुमुक्त उंदरांवर प्रयोग झाला. त्यांचा पल्प उघडा पडूनही भरून आला. साध्या उंदरांचा सडला. पुढे स्वीडनच्या मार्टिन ब्रेनस्ट्रॉम यांनी फटीतून शिरणाऱ्या जंतूंकडे बोट दाखवलं आणि रेझिन जवळजवळ निर्दोष सुटलं. मला वाटतं, ही सुटका जरा घाईचीच होती. नव्वदच्या दशकात तर उघड्या पल्पवर थेट बाँडिंग, म्हणजे चिकटवणारं रेझिन, लावण्यापर्यंत मजल गेली. प्राण्यांत निकाल चांगले आले. माणसांच्या, दात सरळ करण्यासाठी काढायच्याच असलेल्या, दातांत मात्र सूक्ष्मदर्शकाखाली पल्पमध्ये रेझिनचे कण, रेंगाळलेली सूज, आणि नव्या डेंटीनचा पूल बहुतेकदा नाहीच.

पेशीत काय घडतं ते प्रयोगशाळेत उलगडलं. हेमा आणि टेग्डमा पेशीतल्या ग्लुटाथायोन या संरक्षक रेणूचा साठा रिकामा करतात. मग ऑक्सिजनचे आक्रमक रेणू साचतात, डीएनए तुटतो, पेशी स्वतःच मरण पत्करते. कफ पातळ करणारं एन-ॲसिटिलसिस्टीन आधी दिलं तर बऱ्याच पेशी वाचतात; त्यातला गंधकाचा गट मोनोमरलाच पकडून ठेवतो.

प्रयोगशाळेच्या बशीतल्या पेशीला वाचवायला रक्तप्रवाह नसतो, दाताची भिंतही नसते. तोंडात नसेवर अर्धा मिलिमीटर डेंटीन शिल्लक असलं तरी बरंचसं विष अडतं, आणि सुटणाऱ्या मोनोमरपैकी बहुतांश पहिल्या दिवसातच बाहेर पडतात. रोज हे हाताळणाऱ्या दंतवैद्याच्या बोटांना मात्र तशी भिंत नाही. लॅटेक्सच्या हातमोज्यातून हेमा काही मिनिटांत आरपार जातं, आणि एकदा ॲलर्जी जडली की बोटांची टोकं कोरडी पडून भेगाळतात. वरचा चिकट पापुद्रा बोटाने पुसायची सवय अशांनाच सर्वांत महाग पडते.