घाम आणि अंगाचा वास

कोल्हापूरच्या तालमीत लाल मातीत तासभर मेहनत केल्यावर मल्लाच्या अंगावरून जो घाम निथळतो, तो जवळजवळ सगळा पाणी आणि थोडे मीठ असतो, आणि ताजा असताना त्याला वास नसतो. अशा घामग्रंथी माणसाच्या अंगावर २० ते ४० लाख असून शरीर थंड ठेवणे हे त्यांचे मुख्य काम आहे.

काखेतल्या आणि जांघेतल्या काही ग्रंथी मात्र वेगळ्या असतात. त्या वयात येताना कार्यरत होतात, केसांच्या मुळाशी उघडतात आणि भीती किंवा मानसिक ताणानेही स्रवू लागतात. त्यांचा स्रावही बाहेर पडताना गंधहीनच असतो, पण त्यातील घटकांवर त्वचेवरचे जिवाणू जगतात. कोरिनेबॅक्टेरियम या गटातील जिवाणू त्यातून उग्र वासाची आम्ले मोकळी करतात, तर स्टॅफिलोकॉकस होमिनिस हा जिवाणू गंधकयुक्त संयुगे तयार करतो. ती इतकी तीव्र असतात की अत्यल्प प्रमाणातही नाकाला जाणवतात. म्हणूनच अत्तराने वास झाकला जातो, कारण मात्र तसेच राहते. काख धुऊन नीट कोरडी करणे आणि घामेजलेले कपडे बदलणे अधिक उपयोगी पडते.

आनुवंशिकतेचा वाटा तर विलक्षण आहे. एबीसीसी११ या जनुकाच्या एका रूपामुळे काखेतील स्रावात गंधाचा कच्चा माल फारसा उतरतच नाही. हे रूप कोरिया, चीन, जपान या देशांत बहुसंख्यांमध्ये आढळते, आणि त्याच लोकांच्या कानातला मळही चिकट नसून कोरडा असतो. कानातला मळ आणि काखेचा वास एकाच जनुकाने ठरावेत, हे मला आजही थक्क करणारे वाटते.

आहाराचा परिणाम त्यामानाने तात्पुरता असतो. तांबड्या रश्श्यात सढळ हाताने पडणाऱ्या लसणातून अ‍ॅलिल मिथाइल सल्फाइड हे गंधकयुक्त संयुग तयार होते. ते रक्तात मिसळून श्वासावाटे आणि काही अंशी त्वचेवाटे बाहेर पडत राहते, त्यामुळे नुसते दात घासून लसणाचा वास पुरता जात नाही.

नेहमीचा वास अचानक बदलला, तर मात्र त्याकडे लक्ष द्यावे. मधुमेहात इन्सुलिन फार कमी पडले की रक्तात कीटोन (चरबी जाळताना तयार होणारी आम्लधर्मी द्रव्ये) साठतात आणि श्वासाला फळासारखा गोडसर वास येतो. सोबत उलट्या, धाप किंवा ग्लानी असेल, तर रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे.