प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर राहणारा लघवीचा त्रास

प्रोस्टेट वाढून लघवी अडायला लागली की दुर्बिणीतून वाढलेला भाग खरवडून (टीयूआरपी) किंवा लेसरने सोलून (होलेप) काढतात. वाट मोकळी होते, धार सुधारते, पण काही पुरुषांना सारखी लागणं, एकदम घाई होणं, बाथरूमपर्यंत पोचायच्या आत कपड्यात होणं आणि रात्री तीन-चारदा उठणं चालूच राहतं, मग घरात सगळे म्हणतात ऑपरेशन फसलं. बऱ्याचदा तसं नसतं.

वर्षानुवर्षं अडथळ्याविरुद्ध जोर लावून मूत्राशयाचा स्नायू जाड आणि चिडका झालेला असतो, अडथळा काढला म्हणून तो दुसऱ्या दिवशी शांत होत नाही. शिवाय आतली जखम भरेपर्यंत म्हणजे पहिले ४ ते ६ आठवडे जळजळ आणि घाई होतेच. काही महिन्यांत बहुतेकांचं कमी होतं.

त्यानंतरही राहिलं तर आधी तपासणी, मग गोळी. लघवीची तपासणी आणि कल्चर (जंतुसंसर्ग आहे का ते बघायला), लघवी करून झाल्यावर आत किती उरते त्याची सोनोग्राफी, युरोफ्लो (धारेचा वेग मोजायची तपासणी), आणि ३ दिवसांची डायरी: किती प्यायलो, कधी गेलो, किती झाली. ही डायरी फुकटची आहे आणि खूप काही सांगते, उदा. रात्रीच जास्त लघवी तयार होत असेल तर दोष मूत्राशयाचा नसून पायावरची सूज, डायबेटीस किंवा झोपेत श्वास अडकणं यांचा असू शकतो. धार परत बारीक झाली असेल तर मार्ग आकसलाय का ते बघावंच लागतं, कारण अशा वेळी घाई कमी करणारी गोळी घेतली तर लघवी पूर्ण तुंबू शकते.

घाईवर पहिला उपाय सवयीचा. चहा-कॉफी कमी, लघवीला जाण्यातलं अंतर हळूहळू वाढवायचं, ओटीपोटाखालच्या स्नायूंचे व्यायाम रोज. पाणी मात्र तोडू नये, कडक लघवीने जळजळ वाढते. गोळ्यांमध्ये सोलिफेनासिन, टोल्टेरोडिन वगैरे, यांनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो, आणि वयस्कर माणसांत, विशेषतः ऑक्सिब्युटिनिनने, गोंधळल्यासारखंही होतं. मिराबेग्रॉन या वेगळ्या प्रकारच्या गोळीला हा त्रास कमी पण बीपीवर लक्ष ठेवावं लागतं. गोळ्या चालल्या नाहीत तर मूत्राशयात बोटॉक्सची (स्नायू सैल करणारं औषध) इंजेक्शनं देतात, साधारण १०० युनिट, असर काही महिने टिकतो, आणि काहींना तेवढ्या काळात स्वतः नळी घालून लघवी काढावी लागते, हे आधीच विचारून घ्यावं.

कॅन्सरसाठी अख्खं प्रोस्टेट काढलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे खोकताना, उठताना गळते कारण लघवी धरून ठेवणारा स्नायू कमजोर झालेला असतो, त्यावर घाईच्या गोळ्यांचा उपयोग नाही. व्यायामाने बहुतेकांचं वर्षभरात पुष्कळ सुधारतं, नाहीच सुधारलं तर स्लिंग (मूत्रमार्गाला आधार देणारी पट्टी) किंवा कृत्रिम स्फिंक्टर (लघवी धरणारी कृत्रिम झडप) बसवतात. लाजेपायी लोक लग्नाकार्याला, एसटीने गावाला जाणं सोडून देतात आणि डॉक्टरला सांगत नाहीत, पण हे सांगायलाच पाहिजे. ताप, गाठी पडून रक्त जाणं किंवा लघवी बंद होणं, यात एक दिवसही थांबू नये.