साथ म्हाताऱ्यांनाच का गाठते?

महासाथ आली की आधी घरातली म्हातारी माणसं जातात, हे समीकरण 2020 नंतर आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. त्याआधीच्या साथी मात्र वेगळंच सांगतात.

जून 1918 मध्ये इन्फ्लुएंझा मुंबईच्या गोदीतून शहरात शिरला. पहिल्या आजाऱ्यांत गोदीवरचे पोलीस शिपाई होते. सप्टेंबरात आलेल्या दुसऱ्या लाटेने जास्त करून 20 ते 40 वयाची, घरातली कर्ती माणसं नेली. त्या मानाने म्हाताऱ्यांना झळ कमी. लहानपणी तशाच एखाद्या विषाणूशी त्यांची गाठ पडली असावी, असा एक तर्क आहे. 2009 च्या स्वाइन फ्लूत देशातला पहिला बळी पुण्यात गेला, तोही 14 वर्षांच्या शाळकरी मुलीचा. हा विषाणू 1918 च्या विषाणूच्याच कुळातला. 1918 च्या त्या विषाणूचे वंशज 1957 पर्यंत माणसांत फिरत होते. त्याआधी जन्मलेल्या अनेकांच्या शरीराला त्यांची थोडीफार ओळख होती, म्हणून त्यांना लागण कमी झाली. झालीच तर ती जड जायची, हेही खरं.

कोरोनाच्या वेळी अशी ओळख कुणाकडेच नव्हती. नव्या विषाणूशी लढणाऱ्या टी पेशी जिथे तयार होतात ती थायमस ग्रंथी वयाबरोबर आक्रसत जाते. शिवाय उतारवयात अंगात मंद दाह कायम धुमसत असतो. त्यात सहव्याधी : मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, किडनीचे विकार. सत्तरीचा धडधाकट माणूस आणि साखर बेताल असलेला साठीचा माणूस यांत धोका कुणाला जास्त, हे नुसत्या जन्मतारखेवरून कळत नाही. लॉकडाऊनमध्ये ओपीडी बंद, सकाळचं फिरणं बंद, कट्टाही बंद. आधीचे आजार तिथेच बळावले.

आजार ओळखायलाही उशीर व्हायचा. आजोबांना ना ताप, ना खोकला. दोन दिवस ताटावरून तसेच उठतात, रात्री असंबद्ध बोलतात, बाथरूमला जाताना तोल जातो. घरचे म्हणणार, वय झालंय. बोटाला ऑक्सिमीटर लावावा तर आकडा 86! म्हाताऱ्यांत संसर्ग असाच दिसू शकतो, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. ही माहिती घरोघरी पोचायला वेळ लागला. सप्टेंबर 2020 मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आरोग्य कर्मचारी दारोदारी जाऊन ताप, ऑक्सिजन आणि सहव्याधी विचारू लागले, ते माझ्या मते सगळ्यात उपयोगाचं काम.

घराचा आकारही आजार ठरवत होता. जुलै 2020 मधल्या मुंबईच्या सिरो सर्वेक्षणात तीन वॉर्डांतल्या झोपडपट्ट्यांत सुमारे 57 टक्के, तर इतर वस्तीत 16 टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे लागण होऊन गेल्याची खूण, सापडली. एका खोलीत तीन पिढ्या असताना आजीला वेगळं ठेवणार कुठे? कामावर जाणारा मुलगा संध्याकाळी तिथेच परतणार. उलट मुलं परदेशी असलेल्या, फ्लॅटमध्ये एकट्या राहणाऱ्यांना लागण टाळणं सोपं होतं, पण आजारी पडल्यावर दार उघडायला कुणी नाही.

1 मार्च 2021 पासून साठीपुढच्यांना लस खुली झाली, पण कोविन या सरकारी संकेतस्थळावरची नोंदणी आणि केंद्रावरची रांग ज्यांना जमली त्यांनाच ती आधी मिळाली. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी लस न्यावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिका करावी लागली. मुंबईत ती घरपोच मिळू लागली तेव्हा ऑगस्ट तोंडावर आला होता आणि दुसरी लाट ओसरून गेली होती.