लायसन्स ॲक्टिव्हेशन

विकत घेतलेले सॉफ्टवेअर ठरलेल्या संख्येइतक्याच संगणकांवर चालावे, यासाठी उत्पादकाच्या सर्व्हरवर केली जाणारी नोंद म्हणजे लायसन्स ॲक्टिव्हेशन. की, म्हणजे खरेदीबरोबर मिळणारा सांकेतिक क्रमांक, टाकल्यावर प्रोग्राम त्या संगणकाची ओळख सर्व्हरला कळवतो आणि त्या कीला परवानगी असलेल्या संगणकांपैकी एक जागा भरते. २००१ मध्ये ऑफिस एक्सपी आणि विंडोज एक्सपीबरोबर ही पद्धत घरोघरच्या संगणकांपर्यंत पोचली.

खरी अडचण येते ती संगणक मोजण्यात. विंडोजवर रजिस्ट्रीतला, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीतला, मशीन-गाइड (GUID) हा ओळखक्रमांक, लिनक्सवर मशीन-आयडी नावाची छोटी फाइल, मॅकवर हार्डवेअर यूयूआयडी (UUID) हा यंत्राचा ओळखक्रमांक, अशा खुणांवरून प्रोग्राम यंत्र ओळखतात. काही जण नेटवर्क कार्डाचा पत्ता किंवा डिस्कचा क्रमांकही जोडीला घेतात. म्हणून एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील, तर बऱ्याचदा दोन जागा खर्च होतात. उलट, एका व्हर्च्युअल मशीनची (संगणकात सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकाची) जशीच्या तशी प्रत काढली की दोन यंत्रांचा मशीन-आयडी एकच राहतो आणि सर्व्हरला गैरवापराचा संशय येतो. मॅकचा यूयूआयडी फॉरमॅट केल्यावरही टिकतो. लिनक्स नव्याने टाकले की मशीन-आयडी मात्र बदलतो, आणि जुन्या ओळखीने अडवलेली जागा तशीच अडून राहते.

त्यामुळे यंत्र फॉरमॅट करण्याआधी, विकण्याआधी किंवा दुरुस्तीला देण्याआधी प्रोग्राममध्ये जाऊन डीॲक्टिव्हेट करणे ही या कामातली सर्वांत मोलाची सवय आहे. नुसते अनइन्स्टॉल केल्याने जागा सुटेलच असे नाही. डिस्क अचानक गेली, तर उत्पादकाच्या संकेतस्थळावरील खात्यातून जुने यंत्र काढता येते का ते पाहावे. तशी सोय नसेल तर खरेदीची पावती घेऊन सपोर्टकडे जाणे एवढाच मार्ग उरतो.

विंडोजचे ओईएम लायसन्स, म्हणजे नव्या संगणकात आधीच घालून मिळणारे, ज्या यंत्राबरोबर आले त्यालाच बांधलेले असते, वेगळे विकत घेतलेले रिटेल लायसन्स दुसरीकडे नेता येते. २०१६ च्या १६०७ आवृत्तीपासून विंडोज १० चे डिजिटल लायसन्स (की न टाकता सर्व्हरवरच्या नोंदीवरून चालणारे) मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडता येते. मदरबोर्ड बदलायचा असेल तर हे आधीच करून ठेवावे.

मोठ्या कार्यालयांत केएमएस सर्व्हर, म्हणजे कार्यालयातच राहून तिथले संगणक ॲक्टिव्हेट करणारा मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर, वापरतात. त्याचे ॲक्टिव्हेशन १८० दिवस टिकते आणि संगणक दर ७ दिवसांनी नूतनीकरणाचा प्रयत्न करतो. मात्र किमान २५ संगणक नोंदले जाईपर्यंत हा सर्व्हर डेस्कटॉप विंडोज ॲक्टिव्हेट करत नाही. फ्लोटिंग लायसन्समध्ये, म्हणजे अनेकांनी आळीपाळीने वापरायच्या सामायिक लायसन्समध्ये, प्रोग्राम उघडताना जागा घेतली जाते आणि बंद करताना परत मिळते. प्रोग्राम उघडा ठेवून कोणी घरी गेले की सर्व्हरवर वेळमर्यादा लावलेली नसल्यास ती जागा अडकते.

या सगळ्याची नोंद एका साध्या तक्त्यात मावते: की, यंत्राचे नाव, ऑपरेटिंग सिस्टिम, तारीख, आणि ज्या ईमेलवरून खरेदी झाली तो पत्ता. शेवटचा रकाना बहुतेक जण विसरतात. तो ईमेल नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा निघाला, तर पैसे भरलेले असूनही लायसन्स हाती लागत नाही.