घडीच्या चाकूच्या सांध्यात खोबरेल सोडू नका

लॉक नसलेला घडीचा चाकू घेतल्यावर चार-सहा महिन्यांनी बरेच ग्राहक तीच तक्रार घेऊन येतात: "पातं जड झालंय, नीट उघडत नाही, स्प्रिंग गेली वाटतं." दहातल्या आठ चाकूंची स्प्रिंग ठणठणीत असते. सांध्यात कुणीतरी डोक्याला लावायचं किंवा फोडणीचं तेल सोडलेलं असतं. म्हणून हे पत्रक प्रत्येक चाकूसोबत देतो. कृपया वाचा आणि चाकूच्या डब्यातच ठेवा.

या चाकूला लॉक, म्हणजे उघडलेलं पातं अडकवून धरणारी कळ, नसतं. मुठीच्या पाठीत एक पट्टीची स्प्रिंग असते आणि ती पात्याच्या बुडाला सतत दाबून धरते. बुडाची एक बाजू सपाट घासलेली असते. पातं पूर्ण उघडलं की स्प्रिंग त्या सपाटीवर बसते आणि "टक्" असा स्वच्छ आवाज येतो. पातं उघडं राहतं ते फक्त या दाबाच्या जोरावर. आता सांध्यात घट्ट तेल, खिशातला कचरा आणि फळाचा वाळलेला रस साठला, की पातं शेवटचा थोडासा टप्पा पूर्ण करत नाही. डोळ्यांना ते उघडलेलं दिसतं, पण स्प्रिंग सपाटीवर बसलेली नसते. अशा चाकूने पेरू कापताना पाठीवर जरा दाब आला की पातं बोटांवर मिटतं. त्यामुळे ही तक्रार आम्ही किरकोळ समजत नाही.

घरीच तपासून पाहा. पातं पाऊण उघडा आणि पुढे अंगठ्याने अगदी हलकं ढकला. उरलेलं अंतर स्प्रिंगने स्वतः ओढून घेतलं पाहिजे आणि आवाज आला पाहिजे. पातं सरकत सरकत मुकाट्याने उघडलं, तर साफ केल्याशिवाय त्या चाकूने काहीही कापू नका.

खोबरेलाचं काय बिघडतं? साधारण २४ अंशांच्या खाली ते गोठतं. डिसेंबरात सकाळी बाटलीतलं तेल जसं पांढरं होऊन बसतं, तसंच सांध्यातलंही. करडई आणि शेंगदाण्याचं तेल त्याहून वाईट: हवा लागून हळूहळू चिकट होतं, करडईचं तर वार्निशासारखं चढतं. कोकणातले ग्राहक सांगतात, फणसाच्या चिकाला आम्ही खोबरेलच लावतो. बरोबर आहे, पात्यावरचा चीक त्याने खरंच सुटतो. पात्यावर जरूर लावा, पण नंतर साबणाने धुऊन काढा आणि सांध्यापर्यंत जाऊ देऊ नका.

धुण्याची रीत अशी. प्लॅस्टिक किंवा धातूची मूठ असेल तर लिटरभर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब टाका. पातं अर्धवट उघडून सांधा पाण्यात बुडवा आणि पाण्यातच दहा-बारा वेळा उघड-मीट करा. बोटं पात्याच्या वाटेत येऊ देऊ नका. पाणी काळपट होईल, ते बदला आणि स्वच्छ येईपर्यंत करत राहा. पातं ज्या खाचेत मिटतं तिच्या तळाशी कापसाचे तंतू दाबून बसलेले असतात, ते लाकडी टूथपिकने काढा. सुई वापरू नका, आतून ओरखडे पडतात. पुसून सगळी पाती उघडी ठेवून तासभर पंख्याखाली ठेवा. मग शिलाई मशीनचं तेल, सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकेक थेंब. पाच-सहा वेळा उघड-मीट करून बाहेर आलेलं तेल पुसून टाका. जास्त तेल राहिलं की धूळ धरतं.

लाकडी, शिंगाची किंवा हाडाची मूठ पाण्यात बुडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. थिनर प्लॅस्टिकच्या मुठीला लावू नका, मूठ चिकट होते.

आंबा, लिंबू, कैरी कापल्यावर पातं लगेच पुसा आणि कोरडं झाल्यावरच मिटा. कार्बन स्टीलच्या पात्यावर लिंबाने काही मिनिटांत काळा डाग पडतो. स्टेनलेसला वेळ लागतो, पण ओला मिटलेला चाकू पावसाळ्यात तोही गंजतो, आणि गंज सांध्यातून सुरू होतो जिथे आपली नजर जात नाही.

सांधा ढिला वाटला तर रिव्हेटवर, म्हणजे सांध्यातल्या ठोकून बसवलेल्या खिळ्यावर, हातोडी मारू नका. एक ठोका जास्त बसला की पातं घट्ट अडकतं, आणि रिव्हेटचा चाकू स्क्रूच्या चाकूसारखा सोडवता येत नाही. याच कारणाने तेल साठलेल्या चाकूच्या सफाईचे आम्ही वेगळे पैसे घेतो आणि तो एक दिवस ठेवून घेतो. ग्राहकांना ते जास्त वाटतं, पण सोडवता न येणाऱ्या सांध्यातून वाळलेलं तेल काढायला भिजवणं, ब्रश आणि पुन्हा भिजवणं याला पर्याय नाही. वर सांगितल्याप्रमाणे घरी धुतलेल्या चाकूची तपासणी मात्र मोफत करून देतो.

धार दगडावर, पातं १५ ते २० अंश तिरकं धरून. रस्त्यावरचा धारवाला विळी-कोयत्याला उत्तम, पण फिरत्या चाकावर आमचं पातळ पातं तापून निळं पडतं आणि तिथली धार पुन्हा टिकत नाही. लॉक बसवून द्या असंही विचारतात. ते होत नाही. दाब देऊन भोक पाडायचं किंवा काही उचकटायचं काम रोजचं असेल, तर आमच्याकडचा लॉकचा चाकूच घ्या.

बाळगण्याबद्दल. शस्त्र कायद्याचे नियम ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांबद्दल बोलतात, खिशातला चाकू त्याहून खूपच लहान असतो. पण सण आणि निवडणुकीच्या दिवसांत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात आणि त्यात सुऱ्यांचा स्पष्ट उल्लेख असतो. त्या दिवसांत चाकू घरी ठेवा. विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही, चेक-इनच्या सामानात टाका. ब्रिटनला शिकायला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, तिथे १९८८ च्या कायद्याने ३ इंचांपर्यंतच्या धारेचा, लॉक नसलेला घडीचा चाकूच विनाकारण जवळ बाळगता येतो. लॉकवाला त्यात बसत नाही.

शिलाई मशीनच्या तेलाची छोटी बाटली नव्या चाकूसोबत देतो, संपली की दुकानात मिळते. दुरुस्तीला चाकू देताना आत कुठलं तेल सोडलं होतं ते तेवढं मोकळेपणाने सांगा, म्हणजे नक्की कशात भिजवायचा ते आम्हाला लगेच ठरवता येतं.